वापरणाऱ्याची चूक

तांबडा दिवा लागलेला आणि त्याच्या शेजारचा हिरवा विझलेला... टेबलाखाली पोटावर पडून तो त्या दोन दिव्यांकडे बघत राहिला. हिरवा तर तिळाएवढा. तक्रारीवरून या ऑफिसात आपण तीनदा येऊन गेलो आणि तिन्ही वेळा फक्त तांबडा बघितला. वीज येते आहे ना, मग झालं तर. तांबड्याचा अर्थ तेवढाच, वीज चालू आहे. हिरवा सांगतो की वीज उसळली तर तो झटका स्वतःवर घ्यायची ताकद या सर्ज प्रोटेक्टरच्या पेटीत अजून शिल्लक आहे. तो विझला की पेटी वीज पुढे पाठवत राहते, पण आतून कामातून गेलेली असते. हे तो कंपनीत नव्याने लागलेल्या तंत्रज्ञांना दरवर्षी शिकवतो, फळ्यावर चित्र काढून, वर दोन विनोद करून.

शिंक येत होती, ती त्याने दाबली, कारण टेबलाच्या कडेला दोन जोडी पाय उभे होते. चकचकीत बूट व्यवस्थापकांचे. साध्या चपलांमधले, एका अंगठ्याने दुसरा पाय चोळत राहिलेले, ते बाईंचे. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी करणारं हे ऑफिस. बाई तपासणीचे अहवाल कॉपियरवर ठेवून स्कॅन करतात आणि तिथूनच नेटवर्कवरून मुख्य कचेरीला पाठवतात. दोन वर्षांपासून त्यातले काही पोचतच नाहीत.

“सापडलं का काही?” व्यवस्थापकांनी वाकून विचारलं. “का नेहमीचंच?”

“बघतोय,” तो म्हणाला.

नेहमीचंच म्हणजे काय, ते तिघांनाही पाठ होतं. तो यायचा, कॉपियर बंद करून चालू करायचा, दोन कागद पाठवून बघायचा, ते सुरळीत जायचे. मग रिपोर्टच्या कागदावर ‘वापरणाऱ्याची चूक’ या चौकटीत बरोबरची खूण, आणि खाली त्याच्या वळणदार अक्षरात — पत्ता निवडण्यात गफलत, समज दिली. समज द्यायला त्याला आवडायचंही, खोटं कशाला बोला. पहिल्या खेपेला बाई चांगल्या भांडल्या होत्या. “अहो, मी रोज तेच बटण दाबते. ‘पाठवत आहे’ असं येतं, मगच पुढचा गठ्ठा घेते. मी काय आंधळी आहे?” दुसऱ्या खेपेला नुसत्या हुज्जत घालत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवली होती, कुठलं आधी, कुठलं नंतर. आणि आज त्याने पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “तुम्ही म्हणता तर तसंच असेल. माझ्याच हातून होत असेल.”

इतक्या सरळ त्या म्हणाल्या की त्याला आपण जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे वाक्य याच चालीत आपण कुठेतरी ऐकलंय... आणि ते डोक्यात घोळवत तो आज टेबलाखाली शिरला होता, बाकी शिरायचं काही कारण नव्हतं.

कॉपियरची नेटवर्कची वायर भिंतीत जात नव्हती. ती आधी पेटीत शिरत होती आणि पेटीच्या दुसऱ्या भोकातून निघून भिंतीकडे जात होती. दुहेरी संरक्षण, विजेच्या वायरीला आणि नेटवर्कच्या वायरीलाही. वायरवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर तारीख आणि खाली सही. कंपनीत त्याला ‘पट्टीवाले’ म्हणतात ते याच सवयीमुळे. जे जे जोडीन त्यावर माझी पट्टी, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की हे कुणी केलं.

हे मीच केलं.

त्याने वायर पेटीतून काढून सरळ भिंतीत खोचली. बाहेर येऊन बाईंना म्हणाला, साठ पानांचा गठ्ठा द्या. साठही पानं गेली. वायर परत पेटीतून घेतली — सतराव्या पानाला पाठवणं अडकलं. काढली, गेली. घातली, अडकलं. दोन-दोन कागदांची परीक्षा घेऊन आपण पास करत होतो, आणि ती मेलेली पेटी दोन कागद जाऊ द्यायची आणि गठ्ठा आला की गळा दाबायची. पुन्हा एकदा करून बघितलं, गरज नव्हती तरी.

“म्हणजे मी...” बाई म्हणाल्या.

“असं करा,” व्यवस्थापक घड्याळ बघत म्हणाले, “रिपोर्ट लिहून द्या. कागद हातात आला की बाईंना तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत हलवतो. तिथे यंत्रबिंत्र काही नाही. त्यांनाही बरं.”

तो स्टुलावर बसला. रिपोर्टचा कागद मांडीवर. पण डोळ्यांसमोर होती ती पट्टीवरची तारीख... तो आठवडा त्याला पक्का आठवत होता, कारण त्या आठवड्यात त्याने भांडारातून दोन पेट्या उचलल्या होत्या. एक या ऑफिससाठी. दुसरी आईसाठी.

शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत आई एकटी राहायची, आणि मजेत राहायची. तिच्या टेलिफोनची वायर त्याने अशीच पेटीतून फिरवली होती, गुडघ्यावर बसून, पट्टी लावून. “आता वीज पडली तरी तुझ्या फोनला काही होत नाही बघ.” आईने शेजारणीला बोलावून दाखवलं होतं, माझ्या मुलाने केलंय. आणि मग सहाएक महिन्यांनी — “अरे, काल तुला तीनदा लावला, लागलाच नाही.” “आई, तू शेवटचा आकडा चुकवतेस.” “नाही रे, बघून फिरवते.” तो गेला, त्याने लावून बघितला, पहिल्या झटक्यात लागला. लागणारच, तेवढ्यापुरता! मग त्याने मोठ्या आकड्यांत नंबर लिहून भिंतीवर चिकटवला. एकेका आकड्यावर बोट ठेवून ती फिरवायची, शाळेतल्या मुलीसारखी. त्याला हसू आलं होतं. घरी येऊन बायकोला त्याने नक्कल करून दाखवली होती.

मग ती न्हाणीघरात पडली. सरपटत फोनपर्यंत आली, आणि दुपारभर फोनशेजारी जमिनीवर. “मी लावत होते रे...” डॉक्टरांसमोर ती हे सांगू लागली तेव्हा तिचं वाक्य मध्येच तोडून हा म्हणाला, “नंबर विसरते हल्ली.” हा म्हणजे मी. मी म्हणालो. डॉक्टरांनी तिला वार विचारला, महिना विचारला, आणि ती माझ्याकडे बघत उत्तर देऊ लागली, चुकलं तर मी रागावेन म्हणून, आणि चुकलीच. महिन्याभरात दोन खोल्या रिकाम्या करून आईला घरी आणलं. सगळे म्हणाले, किती करतो आईचं.

तेव्हापासून ती विचारल्याशिवाय काही करत नाही. नळ मी बंद केला का रे? मी जेवले का? तुझ्या बहिणीचा फोन आला होता की मला आपलं वाटलं? आणि काहीही सांगितलं की मान हलवते. तू म्हणतोस तर तसंच असेल.

हिरवा दिवा चालू होता का आईच्या पेटीचा? आठव. खोल्या आवरताना तूच ती पेटी उपटून भंगाराच्या पोत्यात टाकलीस. हातात होती. तांबडा दिवा दिसतोय डोळ्यांसमोर, लख्ख दिसतोय, आणि त्याच्या शेजारी... शेजारी काही दिसत नाही. मी बघितलंच नव्हतं. आता कधीच कळणार नाही, आणि इतकं पक्कं मला आयुष्यात काही कळलेलं नाही.

“पट्टीवाले, लिहिताय ना?”

रिपोर्टवर छापील चौकटी चारच होत्या. यंत्राचा बिघाड. विजेचा दोष. कागदाचा दोष. वापरणाऱ्याची चूक. विजेच्या चौकटीत खूण केली की बाई सुटतात, आणि पट्टीवालेही सुटतात. वीज काही तक्रार करायला येत नाही. पेन तिथपर्यंत गेलंही. बाई त्या पेनाच्या टोकाकडे बघत होत्या, श्वास धरून.

त्याने पेन उचललं आणि चारही चौकटींच्या बाहेर, समासात लिहिलं — जोडणी माझी चुकली. बाईंची चूक नव्हती. एकदाही नव्हती. खाली सही केली. अक्षर वळणदार आलं नाही.

व्यवस्थापकांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. बाईंनी यंत्रावरची ती चिठ्ठी नखाने सोलायला घेतली, आणि ती निघेना तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

तो बाहेर जिन्यात आला. खिशातून फोन काढून घरचा नंबर लावला. या वेळी बायको कामावर असते, फोन आईच उचलणार, उचललाच तर. आठ वेळा वाजला. नऊ.

“हॅलो... कोण?”

काय सांगायचं, कुठून सुरू करायचं? आई, तू बरोबर आकडे फिरवत होतीस. हे कळून ती काय करील? गेलेल्या दोन खोल्या, गेलेली ती आई... आणि ती हसली तर? “असू दे रे” म्हणाली तर?

“हॅलो? कुणी बोलतच नाही...” पलीकडे ती स्वतःशीच पुटपुटली, घाबऱ्या, हळू आवाजात. “माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“आई,” तो म्हणाला, “ठेवू नकोस.”