भरलेला एकच रकाना

त्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ते घालून ठेवलं होतं. पुस्तकं बदलत गेली, खूण तीच राहिली.

आमचं ऑफिस औषधांच्या माहितीची वेबसाइट चौतीस भाषांत चालवतं. मी तिथला अर्धवेळ मजकूर तपासनीस. पत्र एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. ‘भाषांच्या यादीत पूर्वी आमच्या भाषेचं, आम्ही म्हणतो तेच नाव होतं. आता शेजारचे आम्हाला हिणवताना घेतात ते आलंय. आईला लहानपणी शाळेत त्याच नावानं हाक मारून वर्गाबाहेर उभं करत. ते दिसलं की ती फोन पालथा ठेवते. हृदयाच्या गोळ्या घेते ती, आणि मी काही रोज तिच्याजवळ नसते. नाव कुणी बदललं, एवढं तरी कळवा.’

कुणी बदललं ते मला ठाऊक होतं.

सॉफ्टवेअरमधला तक्ता सोपा आहे. डावीकडे सॉफ्टवेअरनं दिलेलं नाव, उजवीकडे आपल्याला हवं ते नाव लिहायला रकाना; तो रिकामा असला की वेबसाइटवर डावीकडचंच दिसतं. मी रुजू झालो तेव्हा उजवीकडचे सगळे रकाने रिकामे होते, एकच भरलेला. सारी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. एकसारखं नसलं की माझे हात शिवशिवतात. चूक समजून मी तो पुसला. कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं.

परवा शेल्फ झाडताना सुनेच्या हाती ते पत्र लागलं.

“बाबा, हे काय?”

“खूण आहे ती.”

“खूण कसली, पुरावा दिसतोय.” तिनं उभ्याउभ्याच वाचलं. “मग घाला की नाव परत. दोन मिनिटांचं काम.”

“मी कोण ठरवणारा?”

“आणि पुसताना कोण होतात?”

मी चष्मा पुसत बसलो. तो स्वच्छच होता.

काल ऑफिसात तक्ता उघडला. बाईंनी पत्राखाली नाव त्यांच्या लिपीत ठळक काढून दिलं होतं. मला ती वाचता येत नाही. एकेक अक्षर आकारावरून शोधून घातलं, तीनदा ताडून पाहिलं. खाली प्रदेशांच्या नावांचा तक्ता दिसला. तिथला त्यांच्या प्रदेशाचा रकानाही मीच साफ केला होता. ते नाव पत्रात नव्हतं. ऑफिसात विचारलं, कुणाला आठवेना. आता बाईंनाच विचारणं भाग होतं.

चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच उरलं: ‘नाव मी पुसलं होतं. परत घातलं आहे. तुमच्या प्रदेशाचंही मीच पुसलं. ते काय होतं, लिहून पाठवाल का? आईंना एकदा यादी पाहायला सांगा.’

आज टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून मी तसाच उभा राहिलो. मागून एक बाई म्हणाली, “काका, टाकताय की काढताय?”

टाकलं.