तसबिरीतला पाहुणा

आमच्या रूपालीला मराठी येत नाही, असं इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. येत नाही म्हणजे काय? येतं! फक्त तोंडातून बाहेर पडत नाही. पोर जन्मल्यापासून जयपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, आणि नोकरी म्हणजे आमेरच्या किल्ल्यात परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत राजेरजवाडे समजावून सांगायचे. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरातला कारभार. "रूपा, जेवलीस का गं?" "हाँ आई, खा लिया." झालं! संपलं संभाषण.

एरवी मी हे चालवून घेतलं असतं. पण दोन हजार सातच्या मे महिन्यात आमचे हे, बळवंतराव, रेल्वेतून निवृत्त व्हायचे होते आणि आम्ही दोघांनी मिरजेला परत जायचं ठरवलं होतं. रूपालीचं लग्न नीरजशी ठरलेलं. मुलगा जवळच्याच चाकसू गावचा, इथे गोपालपुऱ्यात कोचिंगला गणित शिकवतो, स्वभावानं अगदी साखर. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्याच्याशी बोलायला मीही माझी मोडकीतोडकी हिंदी घासूनपुसून काढली होती. पण आम्ही गाडीत बसलो की रूपालीच्या घरात मराठीचा एक शब्द उरणार नव्हता. उद्या नातवंडं होतील, मी त्यांना काही सांगेन आणि ती आईच्या तोंडाकडे बघतील, नानी काय म्हणते म्हणून. हे मनात आलं की मला घास उतरायचा नाही.

म्हणून फेब्रुवारीतल्या मराठी दिनासाठी मी मंडळाच्या अध्यक्षांना, वसंतरावांना, ठणकावून सांगितलं, "यंदा भाषण आमची रूपाली करणार. मराठीत."

रूपालीनं घर डोक्यावर घेतलं. "आई, पागल हो गयी क्या? मुझसे नहीं होगा!"

"विषय तुझ्या आवडीचा घे. भाषा माझ्या आवडीची."

माझी खोड मोडायला म्हणून तिनं विषय घेतला लोव्रे श्कार्पा. हा कोण बुवा? तर क्रोएशिया नावाच्या देशातला कवी. हिवाळ्यात तिकडच्या लोकांचा एक जथा तिनं शहरभर फिरवला होता, त्यांनी जाताना या माणसावरचं छोटंसं इंग्रजी पुस्तक तिला दिलं होतं. वसंतरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वहिनी, मराठी दिनाला क्रोएशिया?"

"मराठीत बोलणार ना ती? मग चंद्रावर का बोलेना!"

आता माणूस कुठलाही असो, कार्यक्रम कसा करायचा ते मला कळतं. मी रूपालीला विचारलं, "मोठा होता का गं हा?" ती म्हणाली, मंत्री होता, त्याच्या बेटावर त्याच्या नावाची लायब्ररी आहे, बंदरावर पुतळा आहे. बस्स. पुतळा उभा राहिला म्हणजे माणूस गेलेला, यात विचारायचं काय? पुस्तकातला फोटो मी मोठा करून घेतला, चौकट केली, चांदपोलच्या बाजारातून झेंडूचा घसघशीत हार आणला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये टेबलावर पांढरी चादर, त्यावर ती तसबीर, कपाळाला गंध, पुढ्यात समई, उदबत्ती, नारळ. आपल्याकडे थोरामोठ्यांना असतं तसं सगळं यथासांग केलं. बायकांनी येऊन नमस्कारसुद्धा केले.

रूपाली उशिरा आली. तिच्याबरोबर काठी टेकत एक उंच म्हातारे गोरे गृहस्थ. मला वाटलं, आणला असेल तिकडचा कुणी पाहुणा, चांगलंच झालं. गृहस्थ हॉलमध्ये शिरले, टेबलासमोर आले आणि थबकले. तसबिरीकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं, तसबिरीकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. तेच नाक. त्याच जाड भुवया. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"रूपा," मी तिचा दंड धरला, "हे कोण गं?"

"आई, यही तो हैं! सरप्राइज था. टूर के साथ आये हैं जयपूर. घुटना दुखता है, आयेंगे या नहीं पक्का नहीं था, इसलिए नहीं बताया." मग तिचं लक्ष हाराकडे गेलं. "हे भगवान! आई, ये क्या किया?"

"अगं, पुतळा आहे म्हणालीस ना तूच!"

"वहाँ ज़िंदा आदमी का भी बनाते हैं!"

वसंतराव हार काढायला धावले. घाईत हार चौकटीच्या खिळ्यात अडकला, तसबीर कलंडली, उदबत्तीची राख चादरभर. मी मनातल्या मनात गणपतीला हाक मारली. एवढा मोठा माणूस, मंत्री होऊन गेलेला, आणि त्याला आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत स्वर्गात धाडला! पाहुण्यांनी रूपालीला काहीतरी विचारलं. तिनं मान खाली घालून सांगितलं. आणि म्हातारबाबा हसायला लागला. असा हसला, असा हसला की बळवंतरावांनी पळत जाऊन खुर्ची आणली.

माझा जीव भांड्यात पडला. "रूपा, त्यांना सांग, आमच्यात कुणी गेल्याची खोटी बातमी उठली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं. आत्ताच्या आत्ता सांग!"

तिनं सांगितलं. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि हार तसाच राहू द्या म्हणाले. एक पुस्तक अर्धं लिहून झालंय, आयुष्य लागणारच आहे.

इथवर सगळं छान झालं. पण भाषणाची वेळ आली आणि रूपाली माझ्या कानाशी लागली. "आई, मैं इंग्लिश में बोलती हूँ. वो इतनी दूर से आये हैं, उन्हें क्या समझेगा? अच्छा लगता है क्या?"

वसंतरावांनी लगेच मान डोलावली, "बरोबर आहे पोरीचं. पाहुण्यांचा मान राखला पाहिजे." मग काय, सगळ्यांनीच माना डोलावल्या. पोरीला आयतं कारण मिळालं होतं आणि कारण खरंही होतं. पण मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मे महिना डोळ्यांसमोर आला, सामान बांधलेलं दिसलं. बळवंतरावांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

खोळंबा कशाचा, असं पाहुण्यांनी विचारलं. रूपालीनं सांगितलं. त्यांनी जोरजोरात नाही नाही अशी मान हलवली आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतात..." ती अडखळली. "म्हणतात, माझं आयुष्य मला माहीत आहे. तू तुझ्या आईला सांग."

आणि रूपाली माइकपाशी गेली. सुरुवातीला अशी चाचपडली की मीच खुर्चीच्या कडेला सरकले. पण सभेकडे बघतच नव्हती ती. माझ्याकडे बघून सांगत होती. "आई, हे एका बेटावरचे आहेत. छोटंसं बेट. तेव्हा तिथे इटलीचं राज्य होतं. शाळेत इटालियनमध्येच बोलायचं, मतलब, घरची भाषा बोलली की मास्तर उन्हात उभं करायचे. यांची आई मासे खारवायची आणि... आई, जाल फटतं ना, ते ठीक करायची."

"जाळं सांधायची," मी बसल्या जागेवरून म्हणाले.

"हां, जाळं सांधायची. तिला फक्त बेटाची भाषा यायची. तर हे तिच्याजवळ बसून विचारायचे, या वाऱ्याला काय म्हणतात, नावेच्या या लाकडाला काय म्हणतात. सगळं लिहून घ्यायचे. त्याची मोठी डिक्शनरी झाली. कविता पण त्याच भाषेत केल्या. लोक हसले, ही काय मच्छीमारांची भाषा. मग त्यांचा देश स्वतंत्र झाला आणि हे मंत्री झाले."

हिंदी शब्द येत होते, गाडी रुळावरून घसरत होती, पुन्हा चढत होती. कुणी हसलं नाही.

"मंत्री झाले तर आई रागावली. म्हणाली, तू रेडिओवर राजधानीची भाषा बोलतोस, मला काही कळत नाही, तू करतोस तरी काय? तर एक दिवस संसदेत हे बेटाच्या भाषेत उभे राहिले. थंडीत समुद्र खवळतो तेव्हा आजारी माणसाला न्यायला बोट पाहिजे, हे मागायला. सगळे हसले. पण बोट मिळाली. घरी गेले तर म्हातारी आई रेडिओजवळच बसली होती. म्हणाली, आज मला कळलं माझा मुलगा काय काम करतो. पण जरा हळू बोलत जा."

लोक खळखळून हसले. मी हसले नाही. मला समोरचं धड दिसतच नव्हतं. पाहुण्यांना शब्द कळत नव्हते, पण गोष्ट कुठवर आली ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

मग पोहे झाले, कचोऱ्या झाल्या, पाहुण्यांनी दोनदा पोहे मागून घेतले. मंडळातल्या बायका माझ्याकडे येऊन "बोलते की हो छान" म्हणाल्या. मी म्हटलं, "बोलणारच!"

पाहुण्यांना हॉटेलवर सोडून रूपाली घरी आली तेव्हा मी पोह्यांची पातेली घासत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मिरजेला गेलीस की मला फोन करशील ना रोज?"

"करीन की. का गं?"

"मराठीतच बोलशील? मी चुकले तर रागावलीस तरी चालेल. पण हिंदीत नको बोलू."

"फोनवर तुला सोपं जाईल, म्हणून बोलले असते थोडं हिंदीत."

"नको." तिचे डोळे भरले. "नीरजशी तू हिंदीत बोलतेस ना, तेव्हा तू मला कुणी दुसरीच बाई वाटतेस. माझी आई मराठीतच आहे."

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं, तिला जवळ घेतलं आणि चांगली हुंदके देऊन रडले. बाहेरच्या खोलीतून बळवंतराव घाबरून ओरडले, "अगं, काय झालं?"

"काही नाही हो!" मी म्हणाले. "बोलतोय आम्ही!"