डाव्या खांद्याला बसेल अशी रायफल

क्षमाताईंनी रायफल घ्यायचं ठरवलं तेव्हा गंधालीला वाटलं, शाळा सुटल्याचा हा भलताच परिणाम झाला. मुलुंडच्या शाळेत पोरांना फिजिक्स शिकवण्यात जन्म गेलेली तिची ही नणंद. लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, केरळची ट्रिप करतात. ही बाई एका संध्याकाळी चहा घेता घेता म्हणाली, "शौनक, माझा परवाना आला रे. आता पॉइंट टू-टूची रायफल बघायला हवी."

गंधालीच्या नवऱ्याच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "ताई, तू खरंच घेणारेस?"

"मग पोलीस चौकशी काय गंमत म्हणून करून घेतली?"

कॉलेजात असताना त्या एनसीसीत होत्या आणि त्यांचा नेम चांगला होता, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे नोकरी, आई-वडिलांची आजारपणं, आणि मग उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डोळा वाचला, पण नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग कायमचा राहिला. नेमबाजाचा तोच डोळा. दुसरं कुणी असतं तर विषय तिथेच संपला असता. क्षमाताईंनी बोरिवलीच्या एका रायफल क्लबात नाव घातलं, आणि छऱ्याची बंदूक डाव्या खांद्याला लावून पहिल्यापासून शिकायला बसल्या. आधी पोळ्या डाव्या हाताने उलटून बघितल्या, मग दात घासून. हात वळायला हवा म्हणून. गंधालीने ते बघितलं होतं, पण त्यामागचं कारण तिला आता कुठे कळत होतं.

रायफल बघायला जायचं तर गाडी कोण चालवणार, म्हणून गंधाली बरोबर गेली. अंधेरीतलं ते दुकान बाहेरून घड्याळाच्या दुकानासारखं दिसत होतं. मालक निहार, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने काचेवर मखमल पसरली आणि एक परदेशी रायफल आडवी ठेवली. खांद्याला लावायच्या दस्त्याला वळणं, गालाला टेकायला उंचवटा, बोटांना खाचा. गंधालीला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, तरी तिला ती सुंदर वाटली.

"मॅडम, वापरलेली आहे म्हणून तुम्हाला परवडेल. नवी घ्यायला गेलात तर विषयच नको," निहार म्हणाला.

क्षमाताईंनी ती उचलून डाव्या खांद्याला लावली आणि लगेच खाली ठेवली. "उंचवटा माझ्या गालाच्या पलीकडच्या बाजूला आहे. हिला उजवा माणूस हवा."

"डाव्या हाताची मागवतो ना. थोडा वेळ लागेल, आणि किंमत..."

"ते जमणार नाही," त्या सरळ म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात ना लाज होती, ना कुरकुर. "तुमच्याकडे साध्या, सरळ दस्त्याच्या काय आहेत ते दाखवा. आणि रेंजवर मारून बघितल्याशिवाय मी काही घेणार नाही."

गाडीत बसल्यावर गंधाली म्हणाली, "ताई, शौनक आणि मी थोडी भर घालतो. वाढदिवसाची भेट समजा. ती डाव्या हाताची मागवू या ना."

"तुझं मन मोठं आहे गं," क्षमाताई म्हणाल्या. "पण ती महाग आहे म्हणून मी नाही म्हटलं असं समजू नकोस. मला ऑलिंपिकला जायचं नाहीये. मला रविवारी सकाळी टेबलाशी बसून कागदावर नेम मारायचाय. त्याला जेवढी लागते तेवढीच रायफल मला हवी आहे."

पुढच्या रविवारी त्या दोघी घोडबंदर रोडने बोरिवलीला गेल्या. निहार सगळे सोपस्कार करून तीन रायफली घेऊन आला होता. एक तीच परदेशी, कारण त्याने अजून आशा सोडली नव्हती. दुसरी कोरी करकरीत, प्लास्टिकच्या दस्त्याची, हलकी. तिसरी जुनी, लाकडी, पॉलिश उडालेली. क्लबचे कोच नितेश सर मागे खुर्ची टाकून बसले. त्यांनी गंधालीच्या हातात कानावर लावायचे मोठे हेडफोन दिले आणि लाल रेघेच्या मागे उभं राहायला सांगितलं.

क्षमाताई टेबलाशी बसल्या. पुढ्यात वाळूची पिशवी, तिच्यावर रायफलची नळी. त्यांनी तिन्ही रायफलींना एकाच खोक्यातली काडतुसं वापरायची असं ठरवलं होतं, क्लबात मिळणारी साधी.

"मॅडम, परदेशी रायफलला परदेशीच काडतूस द्या, मग बघा तिची जादू," निहार म्हणाला.

"जादू मला दर रविवारी परवडायला हवी ना," क्षमाताई म्हणाल्या. "मी जे तिला रोज खायला घालणार, त्यावरच ती कशी चालते ते बघू दे."

नितेश सर हसले. "बरोबर आहे. टू-टूची नळी काडतुसाच्या बाबतीत फार नखरेल असते. एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही."

परदेशीने कागदावर भोकं पाडली ती अशी, की जणू कुणी मूठभर दाणे फेकलेत. अर्थात क्षमाताईंना मान वाकडी करून बसावं लागत होतं, त्याचाही तो परिणाम असणार, असं त्या स्वतःच म्हणाल्या. प्लास्टिकवालीने बरं केलं, पण ती इतकी हलकी होती की घोडा दाबताना पिशवीवर डुलायची. मग त्यांनी ती जुनी उचलली.

ती एका वेळी एकच काडतूस घेणारी होती. दर वेळी बोल्ट, म्हणजे उजवीकडचा तो दांडा, उचलून मागे ओढायचा, काडतूस ठेवायचं, दांडा पुढे ढकलून खाली पाडायचा. गंधालीला वाटलं, डावखुऱ्या नेमाला उजवीकडचा दांडा म्हणजे त्रासच. पण क्षमाताईंचा डावा हात घोड्याजवळ होता तिथेच राहिला, गाल दस्त्यावरून हलला नाही, आणि पिशवीजवळ मोकळा असलेला उजवा हात आपला निवांत दांडा ओढत होता, काडतूस ठेवत होता, दांडा पाडत होता. अंगाची घडी जराही मोडत नव्हती.

नितेश सर खुर्चीतून उठून जवळ आले. "हे बघा की! उजव्या माणसाला यासाठी दर वेळी घोड्यावरचा हात काढावा लागतो."

"मला वाटलंच होतं," क्षमाताई रायफलवरच्या छोट्या दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाल्या. "पण वाटणं आणि करून बघणं यात फरक असतो."

कागद जवळ आणला तेव्हा सगळी भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी एकमेकांना चिकटून बसली होती. निहारने शीळ घातली. गंधालीने टाळ्या वाजवल्या, मग इथे वाजवतात की नाही या शंकेने हात मागे घेतले. क्षमाताईंच्या चेहऱ्यावर तिने असा आनंद कधी बघितला नव्हता. शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा नाही.

"मग पॅक करू?" निहारने विचारलं.

"थांबा." क्षमाताईंनी रायफल रिकामी केली, नितेश सरांना आत डोकावून खात्री करायला लावली, नळी मातीच्या भिंतीकडे धरली. सेफ्टी, म्हणजे घोडा अडवून धरणारा खटका, लावली आणि घोडा दाबला. काही झालं नाही. सेफ्टी तशीच ठेवून दस्त्यावर तळहाताने हलकी थाप मारली, घोडा दाबला. कट्! आवाज अगदी बारीक होता.



"सेफ्टी घसरते आहे," त्या म्हणाल्या.

निहारने हातात घेऊन पुन्हा करून बघितलं. पुन्हा कट्. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, सॉरी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तुम्ही रेंजवरच वापरणार, एक एक गोळी भरून. तसा काही धोका..."

"मी सेफ्टीवर विसंबून राहत नाही. पण ती नीट झाल्याशिवाय ही रायफल मी घेणार नाही, आणि तुम्हीही दुसऱ्या कुणाला देऊ नका."

गंधालीला राहवलं नाही. "ताई, तेवढ्यात दुसऱ्या कुणी पळवली तर?"

"तर पळवली." त्यांनी रायफलवरून एकदा हात फिरवला आणि ती निहारपुढे सरकवली. हात जरा जास्त वेळ रेंगाळला, हे गंधालीने बघितलं. जी गोष्ट मनात इतकी भरली होती ती त्या सहज परत करत होत्या. घरी पोचेपर्यंत गंधाली त्याबद्दलच विचार करत राहिली. आपण साधा कुर्ता आवडला तर उसवलेली शिवण बघूनही घेतो, आणि ही बाई!

निहार शब्दाला जागला. त्याने रायफल परवानाधारक कारागिराकडे दिली आणि आतला झिजलेला भाग बदलून घेतला. दिवाळी होऊन गेल्यावर त्याचा फोन आला, "मॅडम, तुमचीच आहे. मी कुणाला दाखवलीसुद्धा नाही." क्षमाताईंनी सेफ्टी पुन्हा तपासली. लावून, थापटून, दांडा आपटून. ती जागची हलली नाही. मग त्यांनी सह्या केल्या. रायफल घरी ठेवायची नाही, क्लबच्या तिजोरीतच राहील, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. शौनकने सुटकेचा श्वास टाकला तो मुलुंडभर ऐकू गेला असेल.

आता गंधालीही बहुतेक रविवारी जाते. नितेश सरांनी तिला एकदा विचारलं, "तुम्ही नाही मारून बघत?" तिला ती हौस नव्हती आणि तिने तसं सांगितलं. पण स्टँडवरची मोठी दुर्बीण तिला आवडली. क्षमाताईंनी तिला कागद घड्याळासारखा वाचायला शिकवला, आधी गुण किती, मग भोक किती वाजताच्या बाजूला. आता ती शेजारी स्टुलावर बसते आणि दर आवाजानंतर सांगते.

"नऊ, तीन वाजता."

दांडा मागे, काडतूस, दांडा खाली.

"दहा! अगदी मधोमध, ताई."

"ओरडू नकोस गं, कानाला लावलंय तरी ऐकू येतं," क्षमाताई म्हणतात, आणि गाल दस्त्यावरून न हलवता उजव्या हाताने पुढचं काडतूस उचलतात.