टँकरभर दुधात ताईंचं दूध

"मामा, टँकर भरू नका. घात झालाय."

फोन आला तेव्हा टँकरवाले मामा शेवटच्या थांब्यावर, एका मोठ्या गोठ्याच्या अंगणात हात पुसत उभे होते. टँकर भरला होता, नळी गुंडाळून झाली होती, झाकणंही बंद झाली होती. फोनवर वरच्या वस्तीवरच्या ताई होत्या. सकाळचं पहिलं दूध मामांनी त्यांच्याकडूनच घेतलं होतं.

"काय झालं, ताई? दमानं सांगा."

"एका गाईची कास सुजलीय. इंजेक्शनं चालू आहेत. तिचं दूध आम्ही वेगळं काढून टाकून देतो. आज ते टाकीत गेलं. सगळ्या गाईंच्या दुधात."

ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच त्या वस्तीवर राहायची. मागच्या आजारपणात भावाचं डोकं अधू झालं होतं. जन्मापासून वाढवलेल्या गाई त्याला वेगवेगळ्या ओळखू येईनात. धार काढायच्या यंत्राचे पेले मात्र तो पूर्वीसारखेच अलगद लावायचा. ते काम काढून घेतलं तर माणूस खचेल, म्हणून ताईंनी ते त्याच्याकडेच ठेवलं होतं. औषध चालू असलेल्या गाईच्या पायाला त्या लाल पट्टा बांधायच्या. लाल पट्टा दिसला की बादली वेगळी, एवढं त्याच्या लक्षात राहायचं.

"पट्टा नव्हता का आज?"

"त्यानंच सोडला. आता त्याचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात सापडला. विचारलं तर म्हणतो, तिच्या पायाला काचत होता गं. त्याला काय बोलू मी?"

मामा टँकरला टेकले. औषधाचं दूध पाठवणाऱ्याचं दूध डेअरी कायमचं बंद करायची. त्यातून ताईंच्या वस्तीवर डेअरीच्या साहेबांची वाकडी नजर होतीच. दहा गाईंसाठी एवढं मोठं धूड त्या अरुंद चढावर न्यायचं, हे साहेबांना कधी पटलं नव्हतं. दूध बंद म्हणजे गाई गेल्या, आणि गाई गेल्या की भावाच्या हाताला काय उरणार?

"ताई," मामा आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आणि मला माहीत. राहू द्या की."

"लहान पोरं पितात हो हे. डेअरीत सांगा. आमचं जे व्हायचं ते होईल."

मामांना त्यांचा राग आला. इतकंही सरळ असू नये माणसानं. पण राग आला तरी गाडी त्यांनी डेअरीकडेच घातली.

मामा या कामाला लागले तेव्हा टँकर नव्हताच. ट्रक होता, आणि वाटेवरच्या प्रत्येक फाटकापाशी दुधाचे कॅन उभे असायचे. डेअरीच्या धक्क्यावर एक म्हातारा बसायचा. तो एकेका कॅनचं झाकण उघडून नाक आत घालायचा. ताईंच्या कॅनशी आला की नुसत्या वासावर ओळखून, झाकण लावता लावता म्हणायचा, "हे वरच्या वस्तीचं. पुढे न्या." मामांनी हे एकदा ताईंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कॅन आरशासारखे घासलेले होते. तेव्हापासून कास कोमट पाण्यानं धुणं, टाकी स्वतः आत वाकून घासणं, यात त्यांनी एक दिवस खाडा केला नाही. पुढे ट्रक जाऊन टँकर आला, मग त्याहून मोठा आला. गाडी मोठी होत गेली तशी थांबायची ठिकाणं कमी झाली. डेअरीच्या सभेत साहेब दरवर्षी कौतुकानं सांगायचे, डेअरीला दूध घालणारे गोठे निम्मे झाले आणि दूध दुप्पट झालं. सगळे टाळ्या वाजवायचे. मामाही वाजवायचे, मग घरी जाताना कोणकोणती फाटकं बंद झाली ते आठवत बसायचे.

डेअरीत मामांनी सगळं सांगून टाकलं. प्रयोगशाळेतल्या मुलीनं टँकरमधलं दूध काढलं, त्यात पट्टी बुडवली, रंग पाहिला. मग दुसरी पट्टी बुडवली. साहेब स्वतः येऊन उभे राहिले.

"काही नाही सर. अगदी स्वच्छ आहे."

साहेब हसले. "मामा, उगाच घाबरवलंत. एवढ्या दुधात तुमच्या ताईंचं दूध ते केवढं! नखाएवढं. त्यातलं औषध काय दिसणार? घ्या रिकामा करून."

"आणि ताईंचं दूध? चालू राहील?"

"टेस्ट पास आहे ना? मग तक्रार कशाची? जा, सांगा त्यांना, निवांत झोपा म्हणावं."

मामांचा जीव भांड्यात पडला. फोनवर सांगण्यापेक्षा समक्षच सांगावं म्हणून संध्याकाळी ते मोटरसायकलनं वर गेले. ताई फाटकातच उभ्या होत्या.

"सुटलात, ताई! काही सापडलं नाही."

"दूध ओतून दिलं ना?"

"ओतायचं कशाला? टेस्ट पास झाली. एवढ्या दुधात तुमचं नखाएवढं, त्यात काय दिसणार?"

शब्द तोंडातून गेला आणि मामांना वाटलं, जीभ चावावी. ताई पालथ्या बादलीवर बसल्या.

"म्हणजे वाईट घातलं तरी कळलं नाही."

"अहो, बरंच झालं की."

"मग एवढी वर्षं चांगलं घालत आलो, तेही कुणाला कळत नसणार."

कळतं हो ताई, असं मामा म्हणणार होते, पण त्यांनी स्वतः तरी दूध कधी पाहिलं होतं? नळी लावायची, पंप सुरू करायचा, नळी काढायची. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

गोठ्यात यंत्र सुरू झालं. भाऊ गाईंशी काहीतरी पुटपुटत होता. आज ताई उठून त्याच्याजवळ उभ्या राहिल्या, आणि आजारी गाईची बादली त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर आणली.

"मामा, घाई नाही ना? जरा इकडे या."

त्यांनी बादली मोरीत रिती केली. फेसाळ, गरम दूध वळसा घेऊन गटारात उतरलं. मागोमाग त्यांनी पाणी ओतलं, खराट्यानं कडा घासल्या, पुन्हा पाणी ओतलं.

"गेलं ना सगळं?"

"गेलं."

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं, ताई."

त्यांनी बादली उपडी घातली आणि पदराला हात पुसले.

"ताई," गोठ्यातून भावानं विचारलं, "कुणाचं दूध ओतलंस गं?"

"आपलंच," ताई म्हणाल्या.