ठकूबाईच्या वाटचा घोट

या, असे जवळ या. पायरीवर आणखी एकापुरती जागा आहे. बसा, एक हकीकत सांगतो. आख्यानाइतकी गोड नाही, पण घडलेली आहे. परवा आमच्या गावचं टॉकीज पडद्यावरच्या तलवारीच्या प्रत्येक वारागणिक एकेका रांगेनं लांबत गेलं, आणि मी आत बसलो होतो.

चित्रपट करवंदगडाच्या वेढ्याचा. वर्षभर नुसता गाजावाजा. दाराशी किल्लेदार रायाजीचा तीन मजली पुतळा, त्याला दुधाचा अभिषेक, ढोलताशे.

आम्हाला ही गोष्ट मोरेश्वरबुवांनी चाळीस वर्षं कीर्तनात सांगितलेली. गडावरचं टाकं आटलं, तेव्हा ठकूबाई नावाची म्हातारी खालच्या झऱ्याचं तांब्याभर पाणी घेऊन शत्रूच्या पहाऱ्यातून वर आली. शेवटच्या पायरीवर बसून तीस जणांना एकेक घोट दिला. तिला उरला नाही. तिथून ती उठली नाही. एवढं सांगून बुवा चिपळ्या खाली ठेवत आणि देवळात तांब्या फिरे. प्रत्येकानं एक घोट घ्यायचा, ठकूच्या वाटचा तळाशी ठेवायचा.

आता बुवांना अंथरुणातून उठवत नाही. म्हणाले, "तात्या, तू बघून ये. आपली ठकू कशी दाखवलीय तेवढं येऊन सांग. मग मी जायला मोकळा."

दुपारच्या खेळाला गेलो. हातात भरलेला तांब्या. सवयच ती.

"ओ आजोबा, बाहेरचं पाणी आत चालत नाही," दारावरचा म्हणाला.

"माझ्यासाठी नाही. ठकूबाईंसाठी आहे."

"त्यांचं तिकीट?"

"त्या आत आहेत."

त्यानं सोडलं.

रायाजी हवेत उडाला. एका वारात चौदा जण पडले आणि माझ्यापुढं एक रांग वाढली. पुन्हा उडाला, पुन्हा वाढली. मध्यंतरापर्यंत पडदा कोनाड्यातल्या देवाएवढा झाला. सुरुवातीला शिट्ट्या मारणारी माणसं हळूहळू कागदाची होऊ लागली. चकचकीत, रंगीत, पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणारी.

शेजारचा तरुण खांद्यापर्यंत कागद झाला होता. त्यानं विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?"

"ठकूबाईची. टाकं आटलं की येईल."

"टाकं कुठलं आटतंय? मघाशी गाण्यात पोहला की तो त्यात."

तेवढं बोलून त्याचं तोंडही कागदाचं झालं.

तेव्हा पडद्यावरचे तीस मावळे पाणी मागताना मला ऐकू आले. ढोलांच्या आवाजाखाली, अगदी बारीक. तांब्या जड झाला. मी उठलो.

"बसा की खाली!" मागचे कागद फडफडले.

मी चालत राहिलो. रांगा संपेनात. पुढं पुढं त्या दगडी झाल्या, चढाच्या. धोतर पायात अडकतंय म्हणून खाली पाहिलं, तर ते लुगडं होतं. हातात दोन काचेच्या बांगड्या. वर रायाजी गर्जत होता आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं. माझ्याकडं कुणीच पाहत नव्हतं, शत्रूचे पहारेकरीसुद्धा. म्हणूनच मला वर येता आलं.

शेवटच्या पायरीवर मी बसले. तीस जण आले. एकेक घोट घेऊन गेले. रायाजी आला नाही, त्याची मारामारी चालू होती.

तांब्याच्या तळाशी एक घोट उरला आहे. हा बघा. घशाला कोरड पडली आहे. माझा नाही म्हणावं, तर अंगावर लुगडं आहे. माझा म्हणावा, तर बुवांच्या आख्यानात ठकू पीत नाही.

मला इथून उठता येत नाही. तुम्ही उतराल तेव्हा देवळामागं तिसरं घर बुवांचं. त्यांना सांगा, ठकू आली होती, पाणी पुरलं. आणि तुम्हीही कुठं पाणी प्यायलात, तर तिची आठवण ठेवा. तळाशी थोडं राहू द्या.