हिरवा बाण

"ताई, कुठला नट? डावीकडचा की खालचा?"

"खालचा. पण थांबा, आधी व्हॉल्व बंद करा," मी म्हणाले आणि पडद्यावर बोट ओढलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका वसतिगृहाच्या तळघरात, मिस्त्रींच्या चष्म्याच्या काचेवर माझा हिरवा बाण उमटला.

"दिसला," ते म्हणाले आणि व्हॉल्वला हात घातला.

आमची कंपनी पाण्याचे पंप दुरुस्त करते. मिस्त्री चष्मा घालून कामाला जातात. त्यांना जे दिसतं ते मला इथे खुर्चीत बसून पडद्यावर दिसतं, आणि मी बाण काढला की तो त्यांच्या काचेवर जाऊन बसतो. त्यांचे हात मोकळे राहतात, माझं तोंड दिवसभर चालू राहतं. सगळे मिस्त्री मला बाणताई म्हणतात. खरं नाव कुणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगायला गेले नाही.

या धंद्यात एक गंमत आहे. चष्म्याचा कॅमेरा बाहेर बघतो, त्यामुळे चष्मा घालणारा माणूस तेवढा दिसत नाही. त्याचे हात दिसतात, हातातला पाना दिसतो, फार तर बुटांची टोकं. इतकी वर्षं मी लोकांची तळघरं पाहिली, माळे पाहिले, वाळत टाकलेली अंतर्वस्त्रंही पाहिली, आणि ज्यांच्याशी रोज बोलले त्यांचे चेहरे मात्र रस्त्यात भेटले तरी ओळखणार नाही.

आजच्या मिस्त्रींना मी मनातल्या मनात फुंकरराव म्हणते. कुठलाही स्क्रू, वॉशर, झाकण असो, बसवण्याआधी त्यावर एक फुंकर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ती थेट माझ्या कानात शिरते.

"अहो, कान फुटेल एक दिवस माझा!" मी कितीदा ओरडले असेन.

"धूळ असते हो ताई," ठरलेलं उत्तर.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे आणि बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच मला ठाऊक. पण काम संपलं की लाइन बंद करताना ते विचारतात, "जेवलात का?" दिवसभरात मला हे विचारणारं दुसरं कुणी नाही. खोटं कशाला बोलू, त्या दोन शब्दांसाठी मी त्यांच्या कामाची वाट बघायचे.

आणि आज माझा शेवटचा दिवस होता. उद्यापासून माझ्याऐवजी यंत्रच बाण काढणार होतं. माझेच जुने बाण दाखवून दाखवून त्याला शिकवलं होतं. खुर्ची सोडण्याचं मला एवढं काही वाटत नव्हतं. फक्त एकदा त्या माणसाचं तोंड बघावं, एवढीच इच्छा होती. पण सांगायचं कसं? या वयात लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन आले. कंपनीत पैसे घालायचे की नाही ते ठरवायला आलेली बडी मंडळी. फुंकररावांचं तळघर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

"घरगुती गिऱ्हाईक असला चष्मा घेणार नाही," एक टक्कलवाले पाहुणे म्हणाले. "नाकावर ओझं, आणि बॅटरी दुपारीच मान टाकते."

"घरांच्या मागे आपण लागतच नाही," साहेब खुलले. "कारखाने, रुग्णालयं, गोदामं. जिथे दोन्ही हात कामात असतात तिथे हा चष्मा विकला जाणार. आणि कमाई चष्म्यात नाही, दरमहाच्या वर्गणीत आहे. आता माणूसही लागणार नाही."

"मग या बाई?"

"त्या आजच्या दिवस."

मी समोरच बसले होते हो! सोबतच्या पाहुण्या बाईंना तेवढं कसंसं झालं असावं. त्या वाकून म्हणाल्या, "दिवसभर एकट्या बसता, कंटाळा नाही येत?"

"येतो की," मी म्हटलं. "तेवढीच सोबत."

साहेबांनी कळ दाबली. बाण आपोआप उठला आणि पंपाच्या गळक्या सीलवर जाऊन बसला. बरोब्बर जागी. मग पुढच्या नटवर, मग त्याच्या पुढच्या. एकही चूक नाही. मला मेलीला वाटत होतं, एकदा तरी चुकेल. फुंकररावांनी सील बदललं, झाकणावर फुंकर मारली, आणि ती या वेळी सगळ्या खोलीने ऐकली. पंप सुरू झाला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात भिंतीतून त्यांचा आवाज आला. "ताई, आहात ना? हा बाण तुमचा नाही वाटतं. तुमचा जरा थरथरतो."

पाहुणे हसले. "म्हणजे सुधारणा झाली म्हणायची!" साहेब म्हणाले आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेले. मोठा पडदा बंद झाला. माझा छोटा चालूच होता.

"आहे," मी म्हटलं. "आजच्या दिवस आहे. उद्यापासून हाच बाण."

पलीकडे त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मग तुम्ही कुठे जाणार?"

सकाळीच वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, एकट्या काय करता तिथे? इकडे या, पोरांना सांभाळायला बाईच मिळत नाहीये." बोलावणं एवढ्या प्रेमाचं.

"बघू," मी म्हटलं. आणि कुठून धीर आला देव जाणे, बोलून गेले, "मिस्त्री, तिथे आरसा आहे का हो?"

"आरसा? वर हात धुवायच्या जागी आहे. पण तिथे चष्मा काढायचा नियम आहे ना?"

"असू दे नियम. एकदा समोर उभे राहा. इतकी वर्षं झाली, मी नुसते हातच बघतेय तुमचे."

बूट जिना चढले. मग पडद्यावर एकदम छत दिसलं. चष्मा काढून बाजूला ठेवला होता. नळ सुटल्याचा आवाज आला, पाणी तोंडावर मारल्याचा आला. मला वाटलं, संपलं. नियम म्हणजे नियम, माणूसच तसा सरळ.

छत हललं, चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. आणि आरशात एक किडकिडीत, सावळे गृहस्थ उभे होते. केस पाण्याने चापून बसवलेले, मिशा पांढऱ्या, फोटो काढायला बसवल्यासारखी मान ताठ. मी उगाच दांडगा माणूस धरून चालले होते.

"दिसलो का?"

"दिसलात," मी म्हटलं.

"तुम्ही कशा दिसता, ते कळायचं नाही आता."

"माझ्याकडे कॅमेरा नाही."

आरशात पंप नव्हता, त्यामुळे यंत्राचा बाण काही उठला नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. घरी सांगणारं कुणी नसलं की तशीच राहते. मी कळ दाबून माझा बाण घेतला आणि त्या कॉलरपाशी नेला. तो नेहमीसारखा थरथरत गेला.

त्यांनी बोटांनी चाचपून कॉलर बाहेर काढली, नीट बसवली आणि हसले.

"हां," ते म्हणाले. "हा तुमचा."

मी बाण तिथेच धरून ठेवला.

"जेवलात का?"

"जेवले," मी म्हटलं. डबा उघडलासुद्धा नव्हता.

त्यांनी चष्मा काढला, तोंडासमोर धरला, सवयीप्रमाणे काचेवर एक फुंकर मारली. माझा पडदा सगळा धुरकट झाला. मग चष्म्याच्या डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.