पुढची मोकळी चाके

बळ वाटून देणाऱ्याचे कर्तव्य केवळ देण्याने पुरे होत नाही. घेणाऱ्यापर्यंत ते पोहोचले की नाही, हे खाली वाकून पाहणे हाही दानाचाच एक भाग आहे. आणि जो असा वाकतो, त्याला लोक पुष्कळदा भित्रा म्हणतात. गाडीचालक लेकूपे हा असा भित्रा माणूस होता. सांबुरू या गुराखी जमातीच्या रखरखीत मुलखात दवाखान्याची जुनी गाडी इतकी वर्षे सुखरूप चालली, ती त्याच्या भीतीच्या पुण्याईवर.

"आता उतरतोस कशाला रे?" मागच्या बाकावरून कोको नोलारी, म्हणजे नोलारी आजी, कडाडली.

गाडी लागाच्या काठावर उभी होती. लागा म्हणजे एरवी वाळूचीच नदी. पाणी तिच्यात येते ते दूरच्या डोंगरावरून, न सांगता. आणि त्या दुपारी न्दोतो डोंगराच्या माथ्यावर काळे ढग बसले होते. कोकोच्या मांडीवर डोके ठेवून नाशिपाए निपचित पडली होती. तिचे हे पहिलेच बाळंतपण, आणि बाळ पोटात आडवे झालेले. निम्म्या मुलखाची सुईण असलेल्या कोकोच्या हातांना ते सकाळपासून वळले नव्हते. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पोट कापून काढले, तरच दोघे जगतील, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होते.

"हब बघतो, कोको. पुढच्या चाकांचे."

"प्रत्येक लागाला बघतोस! इथं पोरीचे ओठ पांढरे पडलेत, आणि हा चाकांना गोंजारतोय. तुझ्या आईच्या पोटातून तुला मीच ओढला. तेव्हाही असाच येऊ की नको करत होतास!"

त्या कळांतही नाशिपाए किंचित हसली. लेकूपेचा दारावर गेलेला हात मागे आला.

सपाट वाटेवर डिझेल वाचावे म्हणून तिकडचे चालक पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाकाला आसाशी जोडणाऱ्या मधल्या चकत्या, मोकळे सोडतात. लागा आला की उतरायचे, दोन्ही हब हातांनी फिरवून लॉक करायचे, मगच वाळूत शिरायचे. त्या दिवशी लेकूपेने नुसता पुढच्या आसाकडे बळ वळवणारा छोटा दांडा ओढला. समोर हिरवा दिवा लागला. दिव्यावर विश्वास ठेवणे सोपे असते.

लागाच्या बरोबर मध्यावर गाडी मागून वाळूत बसली.

बळ वाटणारी पेटी, ट्रान्सफर केस, आपले काम निष्ठेने करीत होती. इंजिनाचे बळ घेऊन तिने एक शाफ्ट मागच्या आसाकडे, दुसरा पुढच्या आसाकडे, दोन्ही सारख्याच गतीने फिरवले. परंतु पुढचा आस चाकांशी जोडलेलाच नव्हता. तो पोकळ फिरत राहिला, सगळा भार मागच्या दोन चाकांवर आला, आणि ती आपल्याच पायाखाली खड्डा खणू लागली.

लेकूपेने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. त्या शांततेत त्याला ओल्या मातीचा वास आला. तिथे तर पावसाचा थेंबही नव्हता.

"कोको," तो म्हणाला, "वरून पाणी निघालंय."

"किती लांब आहे?"

"वास आला म्हणजे जवळच."

तो खाली उडी मारून चाकाशी गुडघ्यांवर बसला. उजवा हब फिरला. डावा फिरेना; त्याच्या खाचेत वाळू भरून घट्ट बसली होती. लेकूपेची बोटे घामाने निसटत होती. वळणापलीकडून आवाज येऊ लागला, शेकडो गुरे एकदम उधळावीत तसा. गाडीतून नाशिपाए विचारत होती, "काय झालं? लेकूपे, काय झालं?" तो हबशी झटतच राहिला.

"सरक." कोको खाली उतरली होती. "हे कुठं वळतं? इकडं?"

"उजवीकडं. जोरात नको, आधी हलवून सैल कर."

"मला शिकवतोस? जा, तू वाळू उपस."

तिने हबवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि थोडे मागे, थोडे पुढे, असे हळूहळू हलवत राहिली. "सकाळपासून ते लेकरू वळलं नाही माझ्या हातानं," ती पुटपुटली. "तू तरी वळ रे बाबा."

हब खट्कन बसला.

मागच्या चाकांपुढची वाळू लेकूपेने दोन्ही हातांनी उपसली होती. वळणावर पाण्याची पहिली कड दिसली. भिंतीसारखी ती उंच नव्हती. वीतभर उंचीची, तपकिरी, काटक्या आणि बकऱ्यांच्या लेंड्या ढकलीत येणारी. तिच्यामागचे पाणी मात्र उंच होते. कोकोला आत ओढून त्याने गाडी सर्वांत हळू, सर्वांत ताकदीच्या गिअरात घातली. या वेळी बळ पुढे पोहोचले. पुढच्या चाकांनी वाळू पकडली, गाडी कण्हली, हलली. काठ चढताना पाणी मागच्या चाकांना लागून गेले.

वर पोहोचल्यावर कोणी मागे पाहिले नाही. मागे आता त्यांच्या चाकोऱ्या नव्हत्याच.

सांज उतरता उतरता मोठ्या दवाखान्याच्या ओसरीवर दोघांनी बाळाचे रडणे ऐकले. मुलगी होती. आई शुद्धीवर येत आहे, असे परिचारिका सांगून गेली. कोको बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसली.

"उद्या परत तोच लागा लागेल," लेकूपे हळूच म्हणाला.

"लागेल की. तू उतर. मी थांबीन."

मग तिने त्याचे तळवे जवळ ओढले. अजून त्यांत वाळू होती. थोरांच्या आशीर्वादाच्या रीतीप्रमाणे तिने त्यांवर हलकेच थुंकी शिंपडली आणि म्हणाली, "तुझी भीती म्हातारी होवो, पण मरू नये. या पोरीला न्काय लांब वाटा देवो, आणि प्रत्येक वाटेवर खाली वाकून बघणारं माणूस देवो."

आशीर्वादाला देवाचे, न्कायचे, नाव घेऊन प्रत्युत्तर द्यायचे असते. लेकूपेने मान खाली घातली.

"न्काय," तो म्हणाला.